‘बघू तिथे गेल्यावर’

‘आम्ही कुठेही फिरायला गेलो तरी मला छान असे वाटतच नाही, मॅडम. मला डिप्रेशन तर नाही ना?’ दिवाळीची सुट्टी संपली की हा प्रश्न घेऊन दोघेतिघे तरी माझ्याकडे येतात. इथे सांगते आहे ती त्यांपैकी एका बाईंची हकीकत. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीचे, नोकरी हिशेब तपासणीची, वास्तव्य पुण्यात. कोकणातल्या चार दिवसांच्या सहलीची तयारी त्यांनी दीड महिना केली होती. एक्सेलमध्ये तक्ता होता, राहण्याच्या प्रत्येक ठिकाणाचे अभिप्राय त्यांनी वाचले होते, तेही एकच तारा देणाऱ्यांचे आधी, आणि कोणत्या खाणावळीत सोलकढी पातळ मिळते याचीही टीप होती. प्रत्यक्षात किनारा व्हिडिओत पाहिला होता अगदी तसाच निघाला. ‘मी नुसत्या बरोबरच्या खुणा करत होते,’ त्या म्हणाल्या. खोलीतला गीझर तेवढा बिघडलेला निघाला आणि चार दिवसांतली तीच गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली. नवरा वैतागून म्हणाला होता, ‘तू सहलीला येत नाहीस, ऑडिटला येतेस.’

झोप, भूक, कामातला रस यांची चौकशी मी आधी केली, कारण कशातच आनंद न वाटणे हे नैराश्याचे लक्षण असू शकते आणि ते विचारपूस न करता झटकून टाकणे बरे नव्हे. त्यांच्या बाबतीत तसे काही नव्हते. भिशीत, मुलीच्या नाटकाच्या तालमीत त्या छान रमत होत्या. गाडी अडत होती ती सहलीपाशीच.

‘पण जास्त शोधले की चांगले मिळतेच ना?’ हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. शीना अय्यंगार, रेचल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांच्या २००६ सालच्या अभ्यासात, ‘सर्वोत्तम तेच हवे’ असा ध्यास घेणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्या नोकरीत इतरांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक पगार मिळालेला दिसतो. त्या नोकरीबद्दलचे समाधान मात्र इतरांपेक्षा कमी. यासोबत मी मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांचे माकडांवरचे प्रयोग सांगितले. माकडाला अवचित फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन पेशींचे, म्हणजे बक्षिसाची चाहूल टिपणाऱ्या पेशींचे, काम एकदम उसळी घेई; रसाआधी दिवा लागतो हे त्याच्या पक्के अंगवळणी पडले की ती उसळी दिव्यापाशीच येऊन जाई आणि रस मिळताना काही होत नसे; दिवा लागूनही रस आला नाही तर ते काम नेहमीपेक्षाही खाली जाई. माकडावरून माणसाचे सगळे ठरवता येत नाही हे खरे, पण त्या चटकन म्हणाल्या, ‘म्हणजे माझी सहल व्हिडिओ बघतानाच होऊन जाते, आणि तिथे गेल्यावर उरतो तो गीझर.’ याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

तरीही तक्ता सोडायला त्या तयार नव्हत्या, आणि त्याचे कारण तिसऱ्या भेटीत कळले. त्या नऊ वर्षांच्या असताना घरचे सगळे देवदर्शनाला गेले होते. राहण्याचे काय, असे आईने विचारले तेव्हा वडील म्हणाले होते, ‘बघू तिथे गेल्यावर.’ तिथे एकही खोली मिळाली नाही आणि रात्र एसटी स्टँडच्या बाकावर काढावी लागली. त्या रात्रीचे त्यांना फारसे काही वाटले नव्हते, उलट बाकावर खाल्लेली शेंगदाण्याची चिक्की त्यांना अजून आठवते. पण नंतर कितीतरी वर्षे ते वाक्य घरात वडिलांना ऐकवले गेले. ठिकाण वाईट निघण्यापेक्षा ‘निवड तुझी होती’ हे ऐकावे लागेल, ही खरी धास्ती होती. असा दोष येऊच नये या हट्टापायी माणूस किती अभिप्राय वाचू शकतो, याला अंत नाही.

मग आम्ही एक छोटा प्रयोग ठरवला. एक रविवार, अर्धा दिवस. पेट्रोल, पाणी, थोडा खाऊ बरोबर घ्यायचा आणि अंधाराच्या आत परतायचे, एवढ्या नियोजनाला मुभा. ठिकाणाबद्दल मात्र आधी काहीही वाचायचे नाही. निघण्यापूर्वी काय काय बिघडेल ते कागदावर लिहायचे आणि परतल्यावर शेजारी काय घडले ते लिहायचे. त्यांनी पाच गोष्टी लिहिल्या. शेवटची होती, ‘वेळ वाया गेला असे हे म्हणतील.’

सोलापूर रस्त्याने यवत गाठल्यावर ‘भुलेश्वर’ अशी पाटी दिसली आणि नाव आवडले म्हणून मुलीने गाडी वळवायला लावली. टेकडीवर पोहोचल्यावर दिसल्या त्या नुसत्या भिंती आणि घुमट, एखाद्या गढीसारखे. ‘एवढेच?’ असे त्यांच्या तोंडून निघूनही गेले. आत अंधाऱ्या, अरुंद पायऱ्या होत्या. उन्हातून आल्यामुळे काही दिसत नव्हते, फक्त अनवाणी तळव्यांना गार दगड लागत होता. मग हळूहळू डोळे सरावले आणि काळ्या पाषाणातली शिल्पे अंधारातून एकेक करून बाहेर येऊ लागली: खांब, जाळ्या, युद्धाचे प्रसंग, हात तुटलेल्या आणि तरीही डौल न सुटलेल्या मूर्ती. मुलगी वर बघत ओरडली, ‘आई, हा गणपती बाई आहे!’ खरोखरच ती स्त्रीरूपातली गणेशमूर्ती होती. माझ्यासमोर हे सांगताना बाईंचा आवाज मोठा झाला होता. ‘हे आधी वाचले असते ना मॅडम, तर मी थेट तिच्यापाशी जाऊन फोटो काढला असता आणि निघाले असते.’ तिथे त्या दोन तास होत्या. कागदावरच्या पाचांपैकी एकच गोष्ट खरी ठरली: जेवणाचे हाल. गार वडापाववर भागवावे लागले.

पण माझ्या दृष्टीने अधिक मोलाचा होता तो पुढचा रविवार, कारण त्या दिवशी काहीही सापडले नाही. धूळ, बंद ढाबा, कुठेच न जाणारा रस्ता. शेवटी कालव्याच्या काठी बसून त्यांनी घरून आणलेली भेळ खाल्ली. कोणी कोणाला बोल लावला नाही. पहिल्या रविवारसारखी जागा दर वेळी सापडेल अशी आशा धरली असती, तर तोही एक नवा तक्ताच झाला असता.

सगळीकडे असेच जावे, असे मी कोणालाही सांगत नाही. वयस्कर आईवडील सोबत असताना राहण्याची सोय आधीच पाहावी, पावसाळ्यात घाटात आणि अनोळखी समुद्रात उतरताना स्थानिकांना विचारावे. त्या आजही ते सगळे करतात. गरजेची तयारी आणि दोष टाळण्यासाठीचा तक्ता यांतला फरक त्यांना आता कळतो.

शेवटच्या भेटीला त्या एक वही घेऊन आल्या. देवळाबद्दल त्यांनी वाचले होते, पण पाहून आल्यावर: मंदिर यादवकाळातले, टेकडीवरचा दौलतमंगळ किल्ला सतराव्या शतकात मुरार जगदेवाने उभारलेला, आणि पार्वतीने नृत्य करून शंकराला इथे भुलवले म्हणून भुलेश्वर. वडिलांनाही त्यांनी फोन करून हे सगळे ऐकवले होते, आणि ते म्हणाले होते, ‘मला ने एकदा. जेवणाचे बघू तिथे गेल्यावर.’ मग ती गणेशमूर्ती नेमकी कुठल्या कोपऱ्यात आहे ते दाखवायला त्यांनी वहीत काढलेला नकाशा माझ्यापुढे सरकवला, तेव्हा मी तो हाताने झाकला. मी अजून भुलेश्वरला गेलेले नाही.