रीजन्सी काळात खोट्या नावानं केलेलं लग्न टिकलं असतं का?

तुमची गोष्ट मला समजली ती अशी. १८१६ सालचं इंग्लंड, म्हणजे राजाच्या आजारपणामुळे युवराज कारभार पाहत होता तो रीजन्सी काळ. नायक एका अर्लचा, म्हणजे बड्या उमरावाचा धाकटा मुलगा, नेपोलियनविरुद्धच्या वॉटर्लूच्या लढाईहून परतलेला कॅप्टन. नायिका दुसऱ्या अर्लची एकोणीस वर्षांची मुलगी. वडील वारलेत, पालक असलेला काका तिला नको त्या माणसाच्या गळ्यात बांधायला निघालाय, म्हणून ती पळून जाऊन एका बड्या घरात खोट्या नावानं गव्हर्नेस, म्हणजे घरात राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका झालीय. सहा महिन्यांनी त्याच नावानं दोघांचं गावच्या चर्चमध्ये लग्न होतं आणि लग्नानंतर त्याला तिचं खरं नाव कळतं. 'हे पटेल का?' असा तुमचा प्रश्न आहे.

प्रेम पटेल, लग्न टिकणार नाही. पण थोडा बदल केलात तर तेही टिकेल, आणि त्या बदलानं तुमची कथा आणखी चांगली होईल असं मला मनापासून वाटतं. मी कुटुंब न्यायालयात वकिली करते आणि या काळातल्या प्रेमकथा कॉलेजपासून वाचत आलेय, त्यामुळे या प्रश्नावर मला जरा सविस्तरच लिहायचंय.

इंग्लंडमध्ये तेव्हा १७५३ चा विवाह कायदा चालू होता. त्यानुसार लग्नाला दोन वाटा होत्या. पहिली बॅन्सची: लग्नाआधीच्या तीन रविवारी चर्चमध्ये वधूवरांच्या नावांचा पुकारा व्हायचा, कुणाची हरकत असेल तर त्यानं तिथंच उठून सांगायची. दुसरी लायसन्सची: चर्चच्या अधिकाऱ्यापुढे शपथ घेऊन परवाना मिळवायचा, म्हणजे पुकारा टळायचा. पण वधू किंवा वर एकवीसच्या आतला असेल तर लायसन्ससाठी वडिलांची किंवा पालकाची संमती लागे. ती नसताना झालेलं लग्न मुळातच रद्द. कॅंटरबरीच्या आर्चबिशपांचं खास लायसन्स उमरावांच्या मुलांना मिळू शकत असे, तुमच्या नायकालाही मिळालं असतं, पण काकाची संमती त्यातूनही सुटत नाही. म्हणजे एकोणीस वर्षांच्या नायिकेला लायसन्सची वाट बंद.

राहिली बॅन्सची. तिथं पालकानं उठून विरोध केला नाही तर अल्पवयीन मुलीचंही लग्न वैध ठरे. पण पुकाऱ्याचा हेतूच मुळी ही कोण आणि तो कोण हे सगळ्यांना कळावं हा. काकाला पत्ता लागू नये म्हणून खोटं नाव पुकारलं, तर पुकारा झालाच नाही असं कोर्ट धरत असे आणि लग्न कोसळत असे. तुमच्या नायकाला त्यातलं काही माहीत नव्हतं, तो निष्पाप होता, यानं १८१६ मध्ये त्याची सुटका झाली नसती. दोघांनीही जाणूनबुजून केलं असेल तरच लग्न रद्द, ही सवलत १८२३ च्या कायद्यानं आणली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १८१४ मध्ये लंडनच्या किंग्ज बेंच कोर्टापुढे बिलिंग्जहर्स्ट गावाचा खटला आला होता. एका गरीब कुटुंबाचा भार कुठल्या गावानं उचलायचा एवढाच मूळ वाद होता, आणि त्याचं उत्तर एका लग्नावर अडलं होतं. नवरा जन्मानं अब्राहम लँग्ली. पण त्या गावात आल्यापासून लग्नापर्यंतची सुमारे तीन वर्षं सगळे त्याला जॉर्ज स्मिथ म्हणूनच ओळखत, आणि बॅन्समध्येही जॉर्ज स्मिथ हेच पुकारलं गेलं होतं. कोर्टानं लग्न वैध ठरवलं. गाव ज्या नावानं त्याला ओळखतं तेच नाव गावात पुकारलं गेलं, यात फसवणूक कुठली? उलट त्या गावात अब्राहम लँग्ली असा पुकारा झाला असता, तर हा कोण म्हणून लोकांनी एकमेकांकडे पाहिलं असतं. हा निवाडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबले होते. जन्माचं नाव खरं आणि घेतलेलं खोटं, असं आपण धरून चालतो. इथं एक कोर्ट म्हणतं की जे नाव तुम्ही माणसांत राहून वापरलंत, ज्या नावानं तुम्हाला हाक मारली गेली, ते तुमचंच.

म्हणून माझा सल्ला: नायिकेला वेळ द्या. एकोणिसाव्या वर्षी पळू दे, पण लग्न बाविसाव्या वर्षी लागू दे. तीन वर्षं ती त्या गावात त्याच नावानं राहू दे. मुलांना फ्रेंच आणि पियानो शिकवू दे, आजारी स्वयंपाकिणीच्या उशाशी बसू दे, दुकानदारानं तिच्या नावावर उधारी मांडू दे. एकवीस उलटली की काकाचा हक्कही संपतो. मग तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये तिचं नाव पुकारलं जाईल तेव्हा वाचकाला खोटं काही ऐकल्यासारखं वाटणार नाही.

आणि तिनं नायकाला सांगावं, पुकाऱ्याच्या आधी. कायद्याला त्याची गरज उरलेली नाही, हे तिला ठाऊक असावं, आणि तरीही तिनं सांगावं. माझ्या कामात मी फसवले गेलेले नवरे आणि बायका जवळून पाहिल्यात. जोडीदारानं काय लपवलं हे कळल्यावर माणूस मोडतोच, पण त्याहून जास्त मोडतो ते मागचा एकेक दिवस उलगडून, तेव्हा तू मला काय समजत होतास, असं विचारताना. तुमच्या गोष्टीत तो प्रसंग लग्नानंतर आणलात तर पुढची दोनशे पानं फक्त क्षमेची होतील, प्रेमाला जागा उरणार नाही.

खऱ्या इतिहासात याचा एक दाखला आहे, फक्त बाजू उलटी. हेन्री सेसिल हा एक्सेटरच्या अर्लपदाचा वारस. बायको दुसऱ्याबरोबर निघून गेल्यावर तो श्रॉपशरमधल्या बोलस गावात 'जॉन जोन्स' होऊन राहिला आणि १७९० मध्ये तिथल्या शेतकऱ्याच्या मुलीशी, सेरा हॉगिन्सशी, लग्न केलं. पहिली बायको हयात असल्यानं ते लग्न उभंच राहू शकत नव्हतं. पुढच्या वर्षी पार्लमेंटच्या कायद्यानं घटस्फोट मिळाल्यावर त्यानं सेराशी लंडनमध्ये पुन्हा लग्न लावलं. १७९३ मध्ये तो अर्ल झाला आणि शेतकऱ्याची मुलगी बर्ली हाउससारख्या महालाची मालकीण झाली. १७९७ मध्ये ती वारली, वय अवघं तेवीस. लोकांनी याची गोड दंतकथा करून ठेवलीय, पण मला त्या मुलीची नेहमी काळजी वाटते. बोलसमध्ये तिनं हो म्हटलं ते जॉन जोन्सला.

बाकी गोष्टी भराभर सांगते. त्या काळी चर्चमधलं लग्न सकाळी आठ ते दुपारी बारा या वेळेतच लागे, तेव्हा तुमचा मेणबत्त्यांच्या उजेडातला संध्याकाळचा समारंभ काढून टाका. स्कॉटलंडच्या हद्दीतल्या ग्रेटना ग्रीन गावी पळून जायचा मोह होईल, कारण १७५३ चा तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना नवरा-बायको म्हटलं की तिथं भागे. पण ती घाई तुमच्या या शांत जोडप्याला शोभत नाही. नायिकेला नोकरी मिळायला शिफारसपत्र हवं, आणि नोकरांसाठी खोटं शिफारसपत्र देणाऱ्याला १७९२ च्या कायद्यानं वीस पौंड दंड होता, म्हणजे ते लिहून देणारी एखादी धीट जुनी शिक्षिका तुम्हाला उभी करावी लागेल. मला ती आत्ताच आवडायला लागलीय. नायकाची ऐपत लिहिताना हे लक्षात घ्या: वॉटर्लूच्या लुटीच्या वाट्यातून कॅप्टनला सुमारे नव्वद पौंड मिळाले, पण पायदळातली कॅप्टनची सनद, म्हणजे ते अधिकारपद, विकत घ्यायला पंधराशे पौंड पडत. धाकट्या मुलाकडे ही सनद हीच मोठी पुंजी.

सैनिक आणि खानदानी मुलगी अशी खरी जोडी हवी असेल तर इंग्रज लष्करी अधिकारी हॅरी स्मिथ आणि स्पेनची हुआना यांच्याबद्दल जरूर वाचा. १८१२ च्या एप्रिलमध्ये फ्रेंचांच्या ताब्यातलं स्पेनमधलं बादाहोस शहर पडलं, इंग्रज शिपायांनी शहर लुटलं, आणि मोठ्या घराण्यातल्या दोन बहिणी आसरा मागत छावणीत आल्या. कानातली ओरबाडल्यानं त्यांच्या कानांतून रक्त येत होतं. धाकटी हुआना चौदा वर्षांची. थोड्याच दिवसांत तिचं हॅरीशी लग्न झालं आणि पुढे ती सैन्याबरोबर घोड्यावरून फिरली. आपल्याशी त्यांचा संबंध असा की २९ डिसेंबर १८४३ ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी महाराजपूरला लढाई झाली, तेव्हा हॅरी तिथं अधिकारी होता आणि हुआना हत्तीवर बसून तोफांच्या माऱ्यात सापडली होती. त्याच रणांगणावर गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो हजर होते. बिलिंग्जहर्स्टचा खटला चालला तेव्हा किंग्ज बेंचचे सरन्यायाधीश होते ते यांचेच वडील.

शेवटी एक गोष्ट जी फक्त मराठीत लिहिणाऱ्यालाच सोडवावी लागते. इंग्रजीत समोरच्यासाठी 'यू' हे एकच सर्वनाम आहे, आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' अशी दोन. नायक गव्हर्नेसला काय म्हणेल? घरची मालकीण तिला 'तू' म्हणेल, मुलं 'तुम्ही' म्हणतील, आणि ती स्वतः मोलकरणीला हुकूम देताना नकळत अशा सुरात 'तू' म्हणून जाईल की तिचं खरं घर त्यातून ऐकू येईल. तुमचा कॅप्टन हे ऐकतो असं दाखवा, हातमोजे आणि घोडेस्वारीच्या नेहमीच्या खुणांची मग गरज नाही. त्यानं मात्र पहिल्या भेटीपासून तिला 'तुम्ही'च म्हणावं, ती पगारी नोकर असतानाही. तिनं खरं नाव सांगितल्यावरही तो 'तुम्ही'वरच राहू दे, एका अक्षरानं न बदलता. पहिला 'तू' मी तिच्या तोंडी घातला असता, तिसरा पुकारा होऊन गेल्यावर, चर्चच्या बाहेर.