निरपराध माणसावर असं दुःख कोसळलं की मित्रानं काय बोलावं?

मैत्रिणीचा विशीतला मुलगा अपघातात गेला, तेव्हापासून तिनं देवघरात दिवा लावलेला नाही, तिला परत देवाकडे कसं वळवू, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर वळवायला जाऊ नका. तिच्याकडे जात राहा.

मी कोल्हापूरचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 55 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 43. घरात छातीएवढं पाणी. आम्ही मामाकडं राहायला गेलो आणि आठव्या दिवशी तिथंच आई गेली. हार्ट अटॅक.

आईनं माघातले जोतिबाचे खेटे कधी चुकवले नव्हते. अनवाणी, चालत डोंगरावर. आणि भेटायला आलेली माणसं म्हणायची, "एखादा खेटा चुकला असंल बघ." कुणी पितृदोष काढला. वाईट नव्हती हो ती माणसं. कारण सापडलं की आपल्यावर असं येणार नाही, एवढा धीर त्यांना मिळत असावा. पण त्यासाठी माझी आई गेल्यावर गुन्हेगार ठरत होती.

माझा मित्र उद्यमनगरात फिटर आहे. पाणी ओसरल्यावर आला, चिखलातनं आईचं शिलाई मशीन ओढून काढलं आणि उंबऱ्यावर बसला. रॉकेलची वाटी, जुना टूथब्रश. बॉबिन केस, शटल, दातऱ्या, एकेक उघडून घासत होता. दोन तास झाले तरी अवाक्षर नाही. मी शेजारी बसलो आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. तो घासत राहिला.

तो ख्रिश्चन. पुढं कधीतरी त्यानं बायबलातल्या ईयोबाची गोष्ट सांगितली. सरळमार्गी माणूस, एका दिवसात गुरंढोरं, मुलंबाळं गेली, मग अंगभर फोडं. तीन मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडलं तेव्हा मात्र बिघडलं. तुझंच काहीतरी पाप असणार, म्हणाले. ईयोब देवालाच जाब विचारत राहिला. आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी बरोबर बोलला तो ईयोब, म्हणाला. हे ऐकून मला केवढं हायसं वाटलं, काय सांगू! भांडायला का होईना, समोर देव लागतोच की.

पुढच्या माघात मी खेट्याला निघालो, तर हा पहाटे दारात हजर. वर जाऊन मी जोतिबाशी मनसोक्त भांडलो. तो बाहेर पायरीवर चपला राखत बसला होता. उतरताना काही विचारलं नाही.

तेव्हा दिवसकार्य उरकून माणसं पांगली की तुम्ही जा. भाकरी-भाजीचा डबा न्या. ती देवाला बोल लावेल, लावू दे, देवाची वकिली करू नका. आणि तिच्यासमोर त्या पोराचं नाव घ्यायला घाबरू नका. बाकीचे सगळे ते टाळत असतील.