टक्के नंतर, कलमं आधी

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी तीन वर्षं काजूच्या बोंडूंचा रस आणि सरबत करतो. आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. एका सामाजिक गुंतवणूक फंडाने २० टक्क्यांसाठी ५० लाख देऊ केलेत. कंपनी विकली गेली तर फंडाला आधी दुप्पट रक्कम आणि उरलेल्यातही हिस्सा, असं टर्मशीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या प्राथमिक मसुद्यात आहे. सही करावी का?
– दोन वाचक, वाळपई

उत्तर : या कलमासकट मुळीच नको. समजा, कंपनी ३ कोटींना विकली गेली. फंड आधी १ कोटी उचलेल, मग उरलेल्या दोनांतले ४० लाख. तुम्हाला उरतात १ कोटी ६० लाख. त्याऐवजी 'एकपट, सहभागाविना' मागा. म्हणजे ५० लाख किंवा २० टक्के, यांतलं जे जास्त तेवढंच फंडाचं. मग त्यांना ६० लाख, तुम्हाला २ कोटी ४० लाख. आणि ८० लाखांतच विकावी लागली, तर आताच्या कलमाने तुमच्या हाती शून्य; एकपटीत ३० लाख तरी येतात. फंडाचा हेतू कितीही चांगला असो, वाटणी कागदाप्रमाणेच होते.

'फुल रॅचेट' (पुढे शेअर स्वस्तात विकले, तर फंडाचा भावही थेट त्या नव्या भावावर आणणारं कलम) असेल तर तेही काढायला लावा. त्याऐवजी 'भारित सरासरी' मान्य करा; त्यात नवे शेअर किती, त्या प्रमाणातच भाव उतरतो. व्हेस्टिंग, म्हणजे तुमचे शेअर टप्प्याटप्प्याने तुमच्या पक्क्या मालकीचे होणं, चार वर्षांचं मागतील, त्यात तुमची झालेली तीन वर्षं धरून घ्या.

फंड सामाजिक आहे, तेव्हा परिणामही मोजायला लावेल. त्यासाठी 'किती रोजगार' हा एकच आकडा घेऊ नका, हंगामी कामात तो फसवा ठरतो. बागायतदाराला किलोमागे दिलेला भाव आणि किती दिवसांत पैसे चुकते केले, हे दोन आकडे तुमच्या खरेदीच्या वहीतून थेट निघतात. वेगळा सर्व्हे करायला लागत नाही.

बहुतेकांची गडबड होते ती पैसे आल्यावर. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ते वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे, ६० दिवसांत शेअर वाटप करायचं आणि त्यानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा वाटपाच्या विवरणाचा फॉर्म भरायचा. तो भरेपर्यंत त्यातून यंत्राचा ॲडव्हान्सही देता येत नाही. बोंडू तर एका दिवसात आंबतो, म्हणून मार्चपर्यंत यंत्र बसलेलंच हवं. तेव्हा दिवाळीच्या आधीच वाटाघाटींना बसा, आणि टर्मशीट वाचायला वकील तुमचा स्वतःचा घ्या.