वॉर्डात काही घडलंच नाही, मग रिफ्लेक्शन कशावर लिहू?

मिरजेत बीएस्सी नर्सिंगला असलेल्या सेकंड इयरच्या मुलीने विचारलंय: सर्जिकल वॉर्डची पोस्टिंग संपत आली, मॅडमना एथिक्सवर रिफ्लेक्शन (आपल्याच अनुभवावर विचार करून लिहिलेलं टिपण) हवंय आणि वॉर्डात ‘तसं काही घडलंच नाही’.

घडलं असणार गं. तू मोठा प्रसंग शोधत बसलीयस. मिरजेत कर्नाटकातल्या कागवाड-अथणीकडचे पेशंट किती येतात, तुला ठाऊक आहे. आजींना फक्त कन्नड येतं, संमतीपत्र मराठीत. मुलगा म्हणतो, “सिस्टर, मी वाचलंय, घ्या अंगठा.” शाईचा पॅड तुझ्या हातात. असलं काही नक्की बघितलं असशील. त्यावरच लिही.

रिफ्लेक्शन लिहायचा साचा म्हणून गिब्जचं चक्र (१९८८) दिलं असेल: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. सगळे रकाने सारखे भरू नकोस. वर्णन चार ओळींत उरक, मुली तिथेच दोन पानं घालवतात. भावनांमध्ये ‘मला वाईट वाटलं’वर सुटका करून घेऊ नकोस. आजींचं वाईट वाटलं, की ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) फोन येत होते आणि इन्चार्ज सिस्टर रागावतील म्हणून घाबरलीस? घाबरली असशील तर तसंच लिही.

विश्लेषणात मुलाची बाजूही येऊ दे. आई घाबरेल म्हणूनही तो बोलत नसेल. पण आजी शुद्धीवर आहेत, निर्णय घेऊ शकतात, तेव्हा संमती त्यांचीच. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची २०२१ची आचारसंहिताही सांगते की संमतीआधीची माहिती रुग्णाला समजेल अशीच मिळायला हवी. ऑपरेशन समजावणं सर्जनचं काम. ‘सर, आजींना कळलेलं नाही, कन्नड येणारं कुणी बोलावू या’ हे सांगणं मात्र आपलं. स्टुडंट असलीस तर निदान स्टाफ सिस्टरच्या कानावर घाल.

पुढच्या कृतीत ‘मी संवेदनशील राहीन’ असलं वाक्य मी तरी खोडते. ‘अंगठा घेण्याआधी पेशंटला विचारीन, कसलं ऑपरेशन आहे, सांगता आलं नाही तर थांबून सिस्टरना कळवीन’ हे चालेल. उद्याच्या ड्युटीत करून बघता येतं.

सिनिअरची वही उतरवू नकोस. तपासताना वर्गभर एकच आजी भेटते!

आणि नाव, गाव, बेड नंबर, आयपीडी (भरतीचा) नंबर काही नको. ‘सत्तरीच्या आजी’ पुरे. एचआयव्हीबाबत तर २०१७च्या कायद्यानेच गोपनीयता बंधनकारक आहे, आणि हॉस्टेलवर वह्या कुणाच्याही हातात पडतात. लिहून झालं की मॅडमना देण्याआधी फक्त याच नजरेने एकदा वाचून काढ.