‘मी चांगलं शिकवतो, मग विद्यार्थी का येत नाहीत?’

कुणी गाणं शिकवतं, कुणी कीबोर्ड, कुणी तबला. संस्थेतून बाहेर पडून स्वतःचा ऑनलाइन क्लास सुरू केलेला असतो आणि समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्यावर तक्रार एकच असते: "पोस्टला लाइक येतात, विद्यार्थी येत नाहीत." हे इतक्यांदा ऐकलंय की एक अनुभव लिहूनच टाकते. संबंधितांची परवानगी घेतली आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत.

व्हायोलिन शिकवणारे एक सर होते. वीस वर्षांचा अनुभव, ऑनलाइन विद्यार्थी तीन. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, जाहिरात करणं हा माझा पिंडच नाही."

पिंडाची भाषा सुरू झाली की मी जरा सावध होते. त्यांना फोन दाखवायला सांगितला. टाकलेल्या पोस्ट तीन, ड्राफ्टमध्ये पडून राहिलेल्या अकरा. त्यातली एक चार महिन्यांपूर्वीची. सगळं लिहून झालेलं, फक्त शेवटचं वाक्य नव्हतं: ‘शिकायचं असेल तर फोन करा.’ ते दरवेळी लिहायचे आणि खोडायचे.

"हे लिहिताना काय वाटतं?"

"हात पसरल्यासारखं वाटतं." मग बऱ्याच वेळाने, "आणि विचारूनही कुणी आलं नाही, तर वीस वर्षं मी केलं काय?"

जाहिरात न जमणं हे वरचं कारण होतं. आत एक परीक्षा मांडून ठेवलेली होती: विद्यार्थी आले तर मी चांगला शिक्षक, नाही आले तर नापास. एवढी मोठी परीक्षा असेल तर माणूस पेपरला बसेलच कशाला? ड्राफ्टमध्येच राहील.

इच्छेचा हट्ट झाला की त्रास सुरू होतो, असं मानणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने मी जाणारी आहे आणि मराठीत काम करताना मला एक फायदा मिळतो, तो म्हणजे आपला ‘च’. ‘लोकांनी यायला हवं’ ही इच्छा झाली. ‘यायलाच हवं’ हा हट्ट झाला. समोरची व्यक्ती बोलत असताना कागदाच्या कडेला मी हे ‘च’ मोजते. सरांचे पहिल्या तासात चौदा झाले होते. कागद त्यांच्यापुढे सरकवला तेव्हा आधी रागावले, मग स्वतःच एक राहून गेलेला दाखवला.

त्यांना एलिसचाच किस्सा सांगितला. १९३३ साली, एकोणिसाव्या वर्षी, मुलींशी बोलायला घाबरणाऱ्या या मुलाने न्यूयॉर्कच्या एका उद्यानात महिनाभर बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचं ठरवलं. तीसेक उठून गेल्या, शंभरेकजणींशी तो बोलला. भेटायला यायचं एकीने कबूल केलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली.

"म्हणजे हा नापासच झाला की," सर म्हणाले. आणि मग एकदम थांबले. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार उशिरा जमायला लागलं.

"त्याने बोलायचं ठरवलं होतं. तेवढं तर त्याने केलं," ते हळूच म्हणाले.

तिथून पुढचं काम सोपं होतं. कुणी यावं हे आपल्या हातात नाही, आठवड्याला पाच जणांना स्पष्ट विचारणं आहे. सरांनी वहीत ‘विचारलं’ एवढा एकच रकाना आखला, ‘आले’चा मुद्दाम नाही. पाचांत पहिले जुने विद्यार्थी आणि त्यांचे पालक. अनोळखी हजार लाइकपेक्षा त्यांच्या एका फोनला वजन असतं. त्यांच्याकडूनच दोन ओळींचा अभिप्राय मागायचा.

पोस्टचंही बोलले, कारण त्यांच्या तिन्ही पोस्ट म्हणजे पदव्यांची यादी होती. "तुमचा लक्षात राहिलेला विद्यार्थी कोण?" विचारलं तर चेहराच बदलला. एक निवृत्त गृहस्थ, थरथरत्या हाताने सहा आठवडे नुसता व्हायोलिनचा गज सरळ ओढायला शिकले होते. "हेच लिहा की!" त्या पोस्टला लाइक कमी आले, पण दोघांनी चौकशी केली, दोघंही साठीच्या पुढचे. आपण नेमके कुणासाठी आहोत हे कळलं की ती माणसं आपल्याला ओळखतात. व्हिडिओही स्वतःच्या वादनाचा नको, शिकवतानाचा हवा, अर्धा मिनिट पुरे. त्यात लहान मूल दिसणार असेल तर पालकांना आधी विचारा.

एक गोष्ट मात्र मी सरांकडून शिकले. व्हिडिओ कॉलवर आवाज क्षणभर मागे राहतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र वाजवता येत नाही. शिवाय गोंगाट गाळणारी सोय लांब स्वरालाच गोंगाट समजून कापते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावं लागतं. सरांनी हे चौकशीच्या फोनवरच सांगायला सुरुवात केली. मला वाटलं, माणसं पळतील. उलट त्यांचा विश्वास बसला.

शेवटच्या भेटीत वहीत बेचाळीस नोंदी होत्या आणि विद्यार्थी सात. त्यातला एक सोडायच्या बेतात होता आणि हे कळलं त्या रात्रीही सरांना झोप लागली होती. मला याचं सातापेक्षा जास्त अप्रूप वाटलं.

निघताना त्यांनी फोन पुढे केला. ड्राफ्टमध्ये एकच पोस्ट उरली होती, पदव्यांची.

"ही एक दिवस टाकणारच आहे, मॅडम."

"हा ‘च’ चालेल," मी म्हटलं.