सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

आपल्या संगणकावर सहा हजार गाणी आहेत, त्यांतली जुनी फार हळू वाजतात आणि नवी अंगावर येतात, तेव्हा सगळ्या फाइली एकदाच नॉर्मलाइझ करून टाकणारे फुकट सॉफ्टवेअर सांगावे, म्हणजे फोनवर किंवा गाडीत सारखे आवाजाच्या बटणाशी खेळावे लागणार नाही, असा आपला प्रश्न आहे. सॉफ्टवेअरचे नाव पुढे येईलच. पण नेमका हाच बेत आमच्या घरात एकदा तडीस गेला असल्यामुळे आधी त्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचे घर ठाण्याला, नौपाड्यात. वडिलांना शास्त्रीय संगीताचा नाद होता आणि घरगुती बैठका, गणेशोत्सवातली गायने, कुणाकुणाकडून उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणे अशा कॅसेटींनी त्यांचे एक कपाट भरलेले होते. त्या सगळ्या कॅसेटी डेकवरून संगणकात उतरवण्याचे काम मी केले. थोरल्या बंधूंना, म्हणजे दादांना, त्याची एक प्रत दिली. दादा वाशीला राहतात, व्यवसायाने अभियंता आहेत आणि कोणतीही गोष्ट समान पातळीवर आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी आपली संपूर्ण प्रत निवडून एका दमात नॉर्मलाइझ केली, आणि मूळ फाइलींवरच ती पुन्हा साठवली.

त्यातून काय साधले? काहीही नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साध्या नॉर्मलायझेशनमध्ये प्रोग्रॅम फाइलमधला सर्वांत उंच क्षण, म्हणजे पीक, शोधतो आणि तो कमाल मर्यादेला टेकेपर्यंत सगळी फाइल सारख्या प्रमाणात वर उचलतो. आमच्या आळीतल्या गणेशोत्सवाच्या एका कॅसेटमध्ये गाणे सुरू होण्याआधी कुणीतरी मायक्रोफोनवर बोटाने टकटक करून पाहिले आहे. ती टकटक मुळातच मर्यादेच्या जवळ पोहोचलेली असल्यामुळे पुढचे सगळे गायन जेमतेम अर्धा डेसिबल वर आले, म्हणजे कानाला कळणारही नाही इतके. उलट आजकालच्या चित्रपटगीतांत लिमिटर, म्हणजे उंच टोके दाबून बाकीचा आवाज वर चढवू देणारे साधन, लावून प्रत्येक क्षण त्या मर्यादेला भिडवलेला असतो. दोन्ही फाइलींचे पीक सारखे, पण ऐकताना एक कुजबुजते आणि दुसरी ओरडते. आवाज किती मोठा वाटतो हे सरासरी ऊर्जेवर आणि ती कोणत्या स्वरपट्ट्यात आहे यावर ठरते, एका क्षणाच्या उंचीवर ठरत नाही.

हे मी दादांना सांगितले. त्यावर त्यांनी काय करावे, तर सगळ्या फाइलींना कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून हळू आवाज वर आणणारे साधन, लावला. आता मात्र आवाज खरोखरच सारखा झाला, आणि गाणे गेले. विलंबित एकतालात समेवर येऊन गायक क्षणभर थांबतात आणि नुसता तानपुरा उरतो, त्या जागेची आपण कल्पना करावी. दादांच्या प्रतीत तेथे फितीची सळसळ हळूहळू फुगत वर येते, मागच्या रांगेतला खोकला गायकाच्या तोडीस तोड होतो, आणि तबल्याचा पुढचा 'धिं' पडताच सगळे एकदम खाली दबते. प्रत्येक आवर्तनात हेच. हळू गायलेले हळूच ऐकू यावे म्हणून गायकाने आयुष्यभर गळा घासलेला असतो. तो फरक पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? "अरे, आवाज सारखा झाला की नाही, तेवढं सांग," हे दादांचे उत्तर. हा वाद आमच्याकडे दिवाळीच्या फराळाबरोबर दरवर्षी वाढला जातो.

योग्य मार्ग २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी सुचवला आणि त्याचे नाव रीप्लेगेन. फाइलमधल्या संगीताला हातच लावायचा नाही. प्रोग्रॅमने गाणे आरंभापासून शेवटपर्यंत मोजायचे, ते ठरलेल्या पातळीपेक्षा किती डेसिबल वर किंवा खाली आहे तो आकडा टॅगमध्ये, म्हणजे गाण्याचे नाव, गायक वगैरे माहिती फाइलमध्ये जिथे असते तिथे, लिहून ठेवायचा, आणि वाजवताना प्लेअरने तेवढा आवाज स्वतः कमी-जास्त करायचा. पुस्तकाचे पान न खोडता समासात टीप लिहावी, तसा हा प्रकार आहे. टीप आवडली नाही तर पुसा, मूळ मजकूर जागच्या जागी असतो. जुन्या आवृत्तीच्या प्रोग्रॅममध्ये ही ठरलेली पातळी ८९ डेसिबल असे. नव्या आवृत्तीत मोजणी आयटीयू, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, हिच्या बीएस १७७० या मानकानुसार होते आणि लक्ष्य उणे १८ एलयूएफएस असते (एलयूएफएस म्हणजे कानाला वाटणारा आवाज डिजिटल कमाल मर्यादेपासून खाली मोजण्याचे एकक). युरोपातल्या प्रसारण संस्थांनी २०१० साली आर १२८ या नावाने स्वीकारलेली पद्धत याच मोजणीवर उभी आहे, फक्त त्यांचे लक्ष्य उणे २३ आहे.

ही मोजणी किती समंजस आहे, ते पाहण्यासारखे आहे. ती ४०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी पुढे सरकते, कानाला कमी जाणवणाऱ्या खर्जातल्या कंपनांना कमी वजन देते, आणि सरासरीपेक्षा १० डेसिबलहून अधिक खाली असलेले तुकडे हिशेबातून वगळते. त्यामुळे आरंभीचा शांत आलाप किंवा दोन चिजांमधली सामसूम सरासरीला खाली ओढत नाही, आणि क्षणभराची ती टकटकही निकाल बिघडवू शकत नाही. दादांच्या अभियांत्रिकीला हे पटायला हरकत नव्हती.

यात एक निवड मात्र आपल्याला करावी लागते आणि ती आपल्या प्रश्नात कुठेच दिसत नाही. रीप्लेगेनमध्ये प्रत्येक गाण्याचा वेगळा आकडा असतो आणि संपूर्ण अल्बमचाही एक असतो. वेगवेगळ्या चित्रपटांतली सुटी गाणी सरमिसळ करून वाजवायची असतील तर गाण्याचा आकडा वापरावा. पण कॅसेटच्या एका बाजूला विलंबित आणि दुसऱ्या बाजूला द्रुत असेल, तर अल्बमचाच आकडा हवा, नाहीतर द्रुत मुद्दाम खाली खेचले जाईल आणि विलंबित वर चढेल, म्हणजे पुन्हा दादांचाच न्याय. माझे मत विचाराल तर ख्याल, नाट्यसंगीत आणि सलग मैफली यांना अल्बमखेरीज दुसरा पर्याय नाही.

"स्पॉटिफायसुद्धा आवाज सारखा करतेच ना," असा दादांचा एक हुकमी मुद्दा आहे. करते, पण ते मूळ फाइल कंप्रेस करून नव्हे. मोजलेला आकडा वेगळा ठेवून वाजवताना नेहमीच्या सेटिंगमध्ये पातळी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणली जाते, आणि आपण अल्बम सलग ऐकत असाल तर सगळ्या अल्बमला एकच फेरफार लागू होतो. म्हणजे तो मुद्दा माझ्या बाजूचा आहे.

आता सॉफ्टवेअर. विंडोजवर फूबार२००० घ्यावे, गाणी निवडून उजव्या क्लिकने रीप्लेगेनच्या पर्यायात जावे आणि टॅगनुसार अल्बम मोजण्याचा आदेश द्यावा. अल्बमचे नाव टॅगमध्ये नीट भरलेले नसेल तर भलतीच गाणी एका गटात जातील, म्हणून ते काम आधी करावे. फोनवर फूबारचेच अॅप किंवा पॉवरअँप हे टॅग वाचतात, मात्र सेटिंगमध्ये तो पर्याय चालू करावा लागतो. आयट्यून्समध्ये साउंड चेक नावाची स्वतंत्र सोय आहे, पण ती आपला आकडा वेगळ्या रीतीने लिहिते. सगळे झाल्यावर नवी गाणी पूर्वीपेक्षा बरीच हळू वाजू लागतील, कारण त्यांचा आकडा उणे आठ-नऊ डेसिबलही निघतो. त्यात बिघाड काहीच नाही, अॅम्प्लिफायरचे बटण एकदाच पुढे करून ठेवावे. हळू गाणी वर उचलली जाताना फाटू नयेत म्हणून क्लिपिंग टाळण्याचा पर्यायही चालू ठेवावा.

गाडीचा भाग राहिला. बऱ्याच कार स्टीरिओ हे टॅग वाचत नाहीत आणि पेन ड्राइव्हवरची गाणी जशीच्या तशी वाजवतात. तेथे एमपी३गेन उपयोगी पडते. ते ध्वनी पुन्हा एनकोड न करता, म्हणजे फाइल नव्याने न बनवता, एमपी३च्या प्रत्येक फ्रेममधले, म्हणजे छोट्या तुकड्यातले, आवाजाचे मूल्य दीड-दीड डेसिबलच्या टप्प्यांनी बदलते, आणि त्याने लिहिलेल्या नोंदीवरून बदल मागेही घेता येतो. फ्लॅक किंवा इतर प्रकारांवर ते चालत नाही. शिवाय घोडबंदर रोडवर संध्याकाळच्या गर्दीत काचा वर करूनही आलाप इंजिनाच्या घरघरीत बुडतो, आणि तिथे रीप्लेगेन काहीच करू शकत नाही, कारण गाण्याच्या आतला चढउतार ते जसाच्या तसा ठेवते. गाडीपुरता कंप्रेसर लावायला माझी हरकत नाही; दादा आपली प्रत बहुतेक वेळा गाडीत, पाम बीच रोडवरच ऐकतात, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे. पण तो लावायचा तर पेन ड्राइव्हवर वेगळी प्रत काढून तिलाच लावावा. आपली सहा हजार गाणी आधी दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. वडिलांच्या कॅसेटींच्या मूळ वेव्ह फाइली माझ्याकडे तशाच ठेवलेल्या आहेत, आणि दादांना हव्या असतील तेव्हा त्यांनी ठाण्याला येऊन घेऊन जाव्यात.