चौदा दिवसांच्या कामासाठी चार लाखांच्या लेन्स?

प्रश्न: मी कोल्हापूरला लग्नांचं आणि स्थानिक जाहिरातींचं व्हिडिओ शूटिंग करतो. वय ३१, घरी पत्नी आणि लहान मुलगी. कॅमेरा सोनीचा ए सेव्हन फोर, त्याचा ८,२०० रुपयांचा हप्ता अजून १० महिने आहे. वर्षाची उलाढाल १४ लाखांच्या आसपास, खर्च जाता हातात ६ लाख राहतात. एफडी १ लाख ६० हजारांची. फुल फ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर पूर्ण झाकणाऱ्या सिने लेन्सचा चार नगांचा सेट ४ लाख २० हजारांना मिळतो आहे. एफडीतून १ लाख २० हजार काढून बाकीचे ३ लाख १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी उचलावेत, की पत्नीचे दागिने ठेवून सोनेतारण करावं? आत्ता गरज पडली की पुण्याहून सेट भाड्याने आणतो, दिवसाला २,५०० पडतात. गेल्या वर्षी १४ दिवस आणला. मित्र म्हणतो, घेतलास तर टॅक्सही वाचेल.

उत्तर: घेऊ नका. निदान हा सेट, या वर्षी आणि कर्ज काढून तरी नकोच.

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब. ३ लाखांवर १४ टक्क्यांनी ३६ महिने म्हणजे हप्ता साधारण १०,२५० आणि एकूण व्याज ६९ हजार. तीन वर्षांनी सेट निम्म्या किमतीला गेला असं धरू. या किमतीला सेट देणाऱ्या नव्या, तुलनेने स्वस्त ब्रँडची दर थोड्या दिवसांनी पुढची आवृत्ती येते, त्यामुळे निम्मी किंमत धरणं म्हणजे मी काही फार कंजूषपणा करत नाही. घसारा २ लाख १० हजार, त्यात व्याज मिळवा, तीनने भागा: वर्षाला ९३ हजार. विमा आणि एफडीचं बुडालेलं व्याज धरलं की लाखभर. २,५०० रुपये रोजाने लाखात ४० दिवस भाड्याचे निघतात. तुम्हाला लागले १४, म्हणजे ३५ हजार.

तुम्ही म्हणाल, स्वतःचा सेट असला की लग्नातही वापरेन, दिवस आपोआप वाढतील. इथेच मला शंका आहे. सिने लेन्सला सहसा ऑटोफोकस नसतो. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, नवरी मान वर करते आणि त्याच वेळी कुणीतरी मामा फ्रेममध्ये शिरतो. तुमचा सोनी आज तो चेहरा स्वतःहून धरून ठेवतो. मॅन्युअल रिंगवर, उघड्या अॅपर्चरला तो क्षण सुटला तर भटजींना ‘पुन्हा घ्या’ म्हणता येत नाही. शिवाय यातल्या काही फुल फ्रेम लेन्स किलोभर वजनाच्या असतात, दर वेळी लेन्स बदलली की गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा दांडा, पुन्हा बॅलन्स करा. फॉलो फोकस, मॅट बॉक्स, मोठा ट्रायपॉड, फोकस ओढायला एक जास्तीचा माणूस हे सगळं लटांबर मागून येतं, ते तुमच्या कोटेशनमध्ये नाही. आणि लग्नाचं गिऱ्हाईक त्यासाठी एक रुपया जास्त देणार नाही. त्याला अल्बम आणि ट्रेलर वेळेत हवा असतो.

जाहिरातीच्या कामात मात्र या लेन्सची किंमत वसूल होते, हे मान्य. टी-स्टॉप म्हणजे काचेतून प्रत्यक्ष पोहोचणारा उजेड, त्यामुळे त्याच टी-स्टॉपला ३५ एमएमची काढून ५०ची लावली तरी एक्सपोजर हलत नाही. सेटमधल्या सगळ्या लेन्सचा रंग जुळतो, फोकस रिंग लांब फिरते, फोकस ओढताना फ्रेम आतबाहेर होत नाही. सराफाच्या दुकानातल्या ठुशीवरून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर फोकस न्यायचा असेल तर फरक डोळ्याला दिसतो. पण असे दिवस तुमच्याकडे १४ आहेत.

आता हप्त्याचा कालावधी बघा. तुमची कमाई तुळशीच्या लग्नापासून सुरू होते आणि आषाढीला थंडावते. पंचांगात चातुर्मासातले आपत्कालीन मुहूर्त असतात खरे, पण त्यावर घर चालत नाही. गणपती-नवरात्रात थोडं काम मिळतं, तेवढंच. पुढचे १० महिने कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा मिळून १८,४५० हप्ता जाईल, आणि तो चातुर्मास पाळत नाही. घराला महिन्याला ५० हजार लागतात असं धरलं तर आजची एफडी तीन महिन्यांची बेगमी आहे. त्यातून १ लाख २० हजार काढले की उरतात ४० हजार, म्हणजे महिनाभराचाही खर्च नाही. मी तुम्हाला उलट ती एफडी ३ लाखांवर न्या म्हणणार होतो.

मित्राच्या टॅक्सच्या सल्ल्याबद्दल. लेन्सवर १५ टक्के घसारा मिळतो, घेतल्या वर्षी ती वापरात येऊन १८० दिवसांपेक्षा कमी झाले असतील तर त्या वर्षी त्याच्या निम्मा. पण तुमच्या उलाढालीचे बहुतेक छोटे व्यावसायिक अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून, रिटर्न भरतात, आणि त्यात घसारा धरलेलाच असतो, वेगळा मिळत नाही. तुम्ही कसं भरता ते सीएंना एक फोन करून विचारा. जीएसटीचं तर उलटंच आहे. सेवा व्यवसायाला नोंदणी २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, तुमची १४ लाख, म्हणजे नोंदणी नसणार. ४ लाख २० हजारांत सुमारे ६४ हजार जीएसटी आहे. नोंदणी असलेल्या स्टुडिओला तो इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो, तुमचा खर्चात जातो. तेवढ्यासाठी नोंदणी करू नका, लग्नाच्या बिलावर १८ टक्के लावले तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल.

मग करायचं काय? या हंगामात भाड्यानेच आणा, पण ते भाडं स्वतःच्या खिशातून भरणं बंद करा. जाहिरातीच्या कोटेशनमध्ये ‘लेन्स भाडे, प्रतिदिन’ अशी वेगळी ओळ टाका. साखर कारखान्याची फिल्म असो की शाळेची, द्यायचं असेल तो देतो. दोन-तीन गिऱ्हाइकांनी ती ओळ खोडली तर लेन्सच्या हौसेची किंमत बाजार किती देतो ते तुम्हाला कर्जाशिवाय कळेल. भाड्याच्या दिवसांची वही ठेवा.

अक्षय्य तृतीयेपर्यंत २० दिवस भरले तर छोटा सेट बघा, फुल फ्रेम नव्हे, सुपर ३५चा, म्हणजे त्याहून लहान सेन्सरपुरता. सिरुईच्या नाइट वॉकर मालिकेत २४, ३५ आणि ५५ एमएम आहेत, टी १.२, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. अशा तीन नगांचं कोटेशन १ लाख १० हजार आलं असं धरा. निम्म्या किमतीला विकला तरी विम्यासकट वर्षाला २० हजारांच्या आत बसतो, म्हणजे आठ दिवसांचं भाडं. तुमचा ए सेव्हन फोर सुपर ३५ मोडमध्ये, म्हणजे सेन्सरचा मधला भागच वापरून, फोर-के देतो, आणि ६० फ्रेमचं फोर-के तर याच मोडमध्ये मिळतं, तेव्हा फार काही हुकत नाही. पुढचा कॅमेरा सोनीचाच एफएक्स ३० घेणार असाल तरी चालेल, त्याचा सेन्सरच तेवढा आहे. एफएक्स ३ मनात असेल तर मात्र थांबा. तो १२ मेगापिक्सेलचा, क्रॉप केला की फोर-के पुरते पिक्सेल उरत नाहीत. लेन्सच्या आधी पुढची बॉडी ठरवा, असं मी म्हणतो ते यासाठी. पैसे जमवायचे ते कॅमेऱ्याचा हप्ता संपला की त्याच ८,२०० ची आरडी सुरू करून.

घ्याल तेव्हा पक्क्या बिलावरच घ्या. बिनबिलाचा माल चार पैसे स्वस्त पडतो, पण वॉरंटी जाते आणि चोरी झाली तर विम्याचा दावा अडतो. सेकंड-हँड घेत असाल तर काचेतून आरपार टॉर्च मारून बुरशी तपासा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती लागायला कपाटातला एक दमट कोपरा पुरतो, म्हणून कोरडी पेटी आणि सिलिका जेल यांचे पैसेही बजेटमध्ये धरा.

राहिले दागिने. सोनेतारणाचं व्याज कमी आहे हे खरं. पण ती कर्जं बहुतेक वर्षभराची असतात, मुद्दल एकदम मागतात, आणि ती तारीख श्रावणात आली तर नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहावं लागतं. शिवाय ते सोनं तुमचं नाही, तिचं आहे. तिला याबद्दल सांगितलं की नाही, ते पत्रात नाही. कोटेशन आणि हा १४ विरुद्ध ४० दिवसांचा हिशोब, दोन्ही आज जेवणानंतर तिच्यासमोर ठेवा. घरातली आपत्कालीन रक्कम किती हवी याचा आकडा तिच्याकडे माझ्यापेक्षा नेमका असेल.